आबांच्या शोकसभेची तालीम

आमच्या शेजारच्या आबांनी स्वतःच्या शोकसभेची तालीम जिवंतपणीच सुरू केली. डॉक्टरांनी हात टेकले त्याच संध्याकाळी मला हाक आली. मी नगरपालिकेतला कारकून. आयुष्यातलं पहिलंच भाषण, श्रोता एकच आणि तोही मयत!

"थोर लेखक आबा यांच्या जाण्यानं साहित्यात पोकळी निर्माण झाली आहे," मी सुरुवात केली.

"पोकळी कशाची? जागा झाली म्हण. खोली बारकी हाय." आबा खोकत हसले. "आणि थोर म्हणू नगंस. न खपलेल्या कादंबऱ्या खाटंखाली लावल्यात. चारी पायांना क्रांतीचा आधार, तरी डुगडुगतीया!"

मग तालीम रोजचीच झाली. रेडिओवर कुठलं सरकार पडल्याची बातमी लागली की त्यांना चेव यायचा. "आमची पिढी म्हंजे वऱ्हाड, लेका. नाचत पोचलं आणि नवरदेव वाटंतच राहिला. त्येचं दुःख न्हाय. तरीबी आम्ही जेवून घेतलं, त्येचं हाय."

मग म्हणायचे, "आता दत्तोबाचं भाषण." दत्तोबा म्हणजे त्यांचे चळवळीतले जोडीदार. तुरुंगात एकाच कोठडीत होते दोघं. पुढं पक्ष फुटला. आबांनी 'दत्तोबा विकला गेला' असं छापलं. दत्तोबांनी उलट छापलं, 'आबाला कुणी विकत घेईना, म्हणून निष्ठावंत!' तेव्हापासून अबोला. त्यामुळं दत्तोबांच्या वतीनं आबांना शिव्या मीच द्यायच्या. एका संध्याकाळी मी भीत भीत "लबाड" म्हटलं.

"ह्यॅ! त्येच्यासारखं न्हाय जमत तुला," म्हणून आबा भिंतीकडं तोंड करून पडले. खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला. गाढवच मी. रडत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दत्तोबांच्या गावची, कुरुंदवाडची एसटी धरली. दत्तोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

खोलीत शिरल्यावर मी म्हटलं, "आबा, वक्ते आलेत."

आबांनी डोळे उघडले. "बोल की मर्दा. तुझ्यासाठीच सभा भरवलीया."

दत्तोबा माझ्यावरच ओरडले, "पावणं, बघत काय बसलाय? गरम पाणी आणा, वस्तरा आणा. दाढी बघा ह्येची!" तुरुंगात म्हणे दोघं एकमेकांची दाढी करायचे.

दत्तोबांनी साबण लावून वस्तरा उचलला. आबा म्हणाले, "जपून रं. तू अजून विरोधी पक्षात हायस."

"गप. हनुवटी वर कर," दत्तोबा म्हणाले, आणि वस्तरा खाली ठेवून ढसाढसा रडायला लागले. आबांनी फेसानं भरलेला गाल तसाच त्यांच्या खांद्यावर टेकवला.