माया आणि पासवर्ड

मुलीने विद्यापीठाचा अर्ज भरला आणि टेलर असलेल्या तिच्या बाबांनी मोठ्या भक्तिभावाने तिचा पासवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सर्वांनी अधूनमधून उघडून बघावे. आशीर्वाद असावा.'

माणसं मायाळू. नुसतं बघून कुणाचं समाधान होईना, आणि मुदत संपेपर्यंत अर्जात बदल करता येत होते. "प्राण्यांची डॉक्टर? पोरीला काय गोठ्यात धाडायचंय?" म्हणत आत्याने पहिली पसंती माणसांच्या डॉक्टरकीला दिली. बाबांनी फोटो बदलला; आधीच्यात लेक हसत नव्हती. मामाने तर मोबाइल नंबरच स्वतःचा घातला. आनंदाची बातमी आधी आपल्याला कळायला नको?

बातमी नाही, फोन आला. "मामा, विद्यापीठातून बोलतोय," समोरचा इतक्या गोडीने म्हणाला, की मामाने आलेला ओटीपी वाचून दाखवला, वर "जेवलास का रे?" असंही विचारलं. गोडबोल्याने पासवर्ड बदलून खातंच ताब्यात घेतलं.

मुलीला खातं उघडेना. मुदत त्याच संध्याकाळची. "कुणी काय केलंय?" तिने ग्रुपवर विचारलं. एरवी शिंक आली तरी चार जण 'काळजी घे' म्हणायचे, आज सामसूम. शेवटी मामाने फोन करून कबुली दिली.

विद्यापीठाच्या मदतकेंद्रातल्या बाईंनी विचारलं, "खात्यात कुणी परकं शिरलंय का?"

"एकच परका. त्याच्याआधी सगळे घरचेच."

"अगं बाई, परक्याची काय बिशाद? कडी आतूनच कुणीतरी काढतं."

ओळख पटवून बाईंनी खातं सोडवलं. मुलीने सगळं पूर्ववत केलं, मुदतीत अर्ज पाठवला आणि नवा पासवर्ड कुणालाच सांगितला नाही.

बाबांनी शिवण थांबवली. "बापापासूनही लपवणार?"

"बाबा, तुम्ही देवाजवळ काय मागता, ते आम्हाला सांगता?"

"ते माझं आणि त्याचं."

"मग हे माझं आणि विद्यापीठाचं."

बाबा बराच वेळ हातातल्या सुईत दोरा ओवत राहिले. कुणाला जपायचं म्हणजे त्याच्या सगळ्या किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं.

निकालाच्या दिवशी सगळे जमले. पासवर्ड घालण्याआधी मुलगी म्हणाली, "भिंतीकडे तोंड करा. मी सांगेपर्यंत वळायचं नाही."

सगळे वळले. कीबोर्डची टकटक झाली, थांबली. मग एक हुंदका, आणि आतल्या खोलीकडे धावणारी पावलं. "आई, मिळाली गं सीट!"

वळा म्हणायचं ती विसरलीच. भिंतीपुढे आत्या डोळे पुसत होती, मामा नाक ओढत होता. पण एकही मान वळली नाही.

बाबांनी भिंतीलाच विचारलं, "आता वळलं तर चालेल का?"