जुन्या रानातलं गिऱ्हाईक

जुन्या रानातल्या झाडांवर लाल रंगाचे आकडे दिसले तेव्हा मला फार आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. मला वाटलं, सकाळी फिरायला येणाऱ्यांची कुणीतरी सोय केली. किती चाललो ते कळावं म्हणून. आमच्या वर्ध्यात फिरणाऱ्यांची सोय आजवर कुणी केलेली नाही, तरीही मला असं वाटलं, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी.

"वा, मनोहरभाऊ!" मी म्हणालो. "आता मोहाच्या झाडापर्यंत आपण किती चालतो, ते रोज कळेल."

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात लग्नाचा सगळा बस्ता उलगडून झाल्यावर "राहू द्या, दुसरीकडे पाहू" म्हणणाऱ्या माणसाकडे ते असेच पाहत असणार.

"सुधाकरभाऊ, हे चालाचे आकडे नाई. तोडाचे हायेत. रस्ता जाऊन राह्यला इथून. बाईच्या आंगावरबी मारला आकडा."

बाई म्हणजे तेच मोहाचं झाड. घरापर्यंत मीच बोलत होतो. काही सुचेनासं झालं की मी बोलत सुटतो.

मनोहरभाऊंचं बाजारात कापडाचं दुकान. आजोबांपासूनचं. सहा फूट उंची, भरघोस मिशा, आणि आवाज असा की समोरच्या भांडेवाल्याच्या परातीनं उत्तर द्यावं. पण गादीवरून उठून लुगडं दाखवायला लागले की हा माणूस बदलायचा. पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन, मान किंचित वळवून, काठ बोटांत धरून ते असे उभे राहत, की गिऱ्हाईक बाया हसून म्हणत, "भाऊ, तुमच्यावरच शोभून राह्यलं, आमच्यावर काय शोभते!" त्यावर मनोहरभाऊंचं ठरलेलं उत्तर, "नेसून पाहा, मंग बोला. रंगाची ग्यारंटी माही."

एकच कापड मात्र ते स्वतःच्या खांद्यावर घेत नसत. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला नवं हिरवं लुगडं नेसवून पाठवतात. ते न्यायला कुणी आलं की मनोहरभाऊ नोकराला बाजूला सारून स्वतः उठत. चार नग काढून पसरायचे नाहीत, रंगाची ग्यारंटी सांगायची नाही. एकच लुगडं काढायचं आणि दोन्ही हातांनी द्यायचं. गावातल्या अर्ध्याअधिक बाया शेवटी त्यांच्याच दुकानातलं नेसून गेल्या असतील.

माझी साखर वाढली आणि सावंगीच्या डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, तेव्हा बायकोनं मला मनोहरभाऊंच्या हवाली केलं. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांची बायको, शकूबाई, गेली होती आणि तेव्हापासून ते पहाटे एकटेच पवनारच्या अलीकडच्या जुन्या रानात जात. हे रान आमच्या पणजोबांच्याही आधीचं. साग, धावडा, ऐन, तेंदू, बेहडा, आणि मधोमध तो मोह, दोघांनी हात पसरले तरी कवेत न मावणारा.

पहिल्याच दिवशी चालून घाम आला म्हणून मी अंगातलं जर्किन एका फांदीवर अडकवलं.

"काढा ते!" मनोहरभाऊ कडाडले. "गिऱ्हाइकाच्या आंगावर आपले कपडे टांगते काय कोनी?"

मी घाबरून जर्किन काढलं आणि घाईत उलटं घातलं. घरी पोचेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं होतं, पण दुकानदार गिऱ्हाइकाला असं सांगत नाही म्हणे.

तर रानातली सगळी झाडं ही त्यांची गिऱ्हाइकं. बेहड्यासमोर थांबून म्हणणार, "डबल एक्सेल. उघड्यावर राहून राहून आंग सुटलं लेकाचं." साग म्हणजे रेडीमेडचं गिऱ्हाईक, सगळ्यांचं माप एक. धावड्याच्या गुळगुळीत पांढऱ्या खोडावरून उलटा हात फिरवून, "मलमल हाये, मलमल." ऐनाच्या साली चौकड्याच्या लुंगीत जमा. होळी आली की फुलणाऱ्या पळसाचा तर ते अपमानच करत, "याले होयीपुरतं लाल पायजे. बाकी सालभर दुकानाची पायरी चढत नाई."

मोहाशी मात्र थट्टा नाही. तिथं पोचलं की टोपी काढून, "राम राम, बाई. बसू काय?" असं विचारून मगच ते मुळीवर टेकायचे. मी न विचारता टेकलो तर मलाही उठवून विचारायला लावायचे. शिकलासवरलेला, नोकरीतून निवृत्तीला आलेला माणूस मी, झाडापुढे उभा राहून "बसू का?" म्हणू लागलो. उत्तराची वाटही पाहू लागलो.

"ते झाडाशी बोलते अन् तुम्ही त्याईच्याशी बोलता," बायको म्हणाली. "शहाणं कोन, ते मले ठरवता येऊन नाई राह्यलं."

आकडे पडल्यावर मनोहरभाऊ रस्त्याच्या कचेरीत जाऊन आले. एकदा एकटे, एकदा मला घेऊन. मी बोलायचं ठरलं होतं, कारण मला शुद्ध बोलता येतं. साहेबांनी आम्हाला चहा दिला, नकाशा दाखवला आणि रस्ता सरळ असला की किती चांगलं असतं ते समजावलं. मी शुद्ध भाषेत "बरोबर आहे" म्हणालो. मनोहरभाऊ जिन्यात एवढंच म्हणाले, "पडद्याचं कापड पाह्यलं? एका धुन्यात जाईल." तिसऱ्यांदा आम्ही गेलो नाही.

मग यंत्रं आली. रान रस्त्याच्या बाजूनं मागे मागे सरकू लागलं आणि आमचं फिरणं आखूड होत गेलं. सकाळी गेलं की ओल्या लाकडाचा वास यायचा. बेहडा गेला, धावडे गेले. मनोहरभाऊ बुंध्याशी थांबत, टोपी काढत, "हे गिऱ्हाईक गेलं" म्हणत आणि पुढे चालत. माप, मलमल, लुंगी, सगळं बंद झालं. मला त्यांच्या विनोदांचा कंटाळा यायचा. आता विनोद नव्हते, तर वाट संपता संपत नव्हती. मीच एकदा उरलेल्या ऐनाकडे बोट दाखवून "लुंगीवाला!" म्हणालो. ते हसले नाहीत. मीही नाही.

मोहाची पाळी कधी, ते त्यांनी यंत्रवाल्याला आठवडाभर आधीच विचारून घेतलं होतं. त्या ठरल्या सकाळी ते दुकानाची पिशवी घेऊन आले.

उजाडत होतं. मोह फुलांवर आलेला, टपटप फुलं पडत होती. एरवी चैत्रात तो वास घमघमतो. त्या दिवशी त्यात डिझेलचाही होता. थोड्या अंतरावर पिवळं यंत्र उभं होतं आणि त्याचा माणूस चहा पीत होता.

"राम राम, बाई," मनोहरभाऊ म्हणाले. पण बसू काय, ते विचारलं नाही.

त्यांनी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं. घडी उलगडली. आणि जे ते अशा कापडाचं कधीच करत नसत ते केलं. पदर स्वतःच्या खांद्यावर घेतला, मान किंचित वळवली, काठ बोटांत धरला आणि झाडापुढे उभे राहिले.

"पाहून घे," ते म्हणाले. "रंगाची ग्यारंटी माही."

मग मला म्हणाले, "ते टोक धरा, सुधाकरभाऊ. अन् पलीकडून या."

मी टोक धरून झाडाभोवती फिरलो, मुळीत अडखळलो, सावरून वेढा पुरा केला. लाल आकडा झाकला गेला. समोर त्यांनी निऱ्या घातल्या, एक एक, दुकानात घालत तशा. पदर वर नेला आणि स्वतःच्या खांद्याच्या जरा खाली, सालीच्या एका फटीत खोचला. मोह अफाट उंच. लुगडं मात्र साध्या ठेंगण्या बाईच्या उंचीचं नेसवलेलं.

"वर नको घ्यायला?" मी विचारलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"नाई. शकूची उंची एवढीच होती."

ते निऱ्या नीट करत राहिले आणि माझ्याकडे न पाहता सांगू लागले. "साथीत गेली ना जी ते. हेच लुगडं घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राह्यलो. नियम नव्हता. त्याईचं काई चुकलं नाई, नियमच नव्हता. बांधून नेली तशीच, पिलास्टिकमंदी. साऱ्या गावाच्या बाया नेसवून पाठवल्या म्या, अन् माही..." त्यांनी शेवटची निरी बोटानं दाबली. "इथं बसाची ते. फुलं येचाची. उठ म्हनलं तं उठत नव्हती, दुकानातल्या बायाईवानी."

एक फूल पदरावर पडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

यंत्रवाला कप ठेवून उठला होता, पण तिथंच थांबला. मनोहरभाऊ मुळीवर बसले.

"तुम्ही व्हा पुढं," ते मला म्हणाले. "मी येतो मागून."

मी निघालो. घरी पोचलो आणि बायकोला सगळं सांगितलं, लुगड्याचे काठ, निऱ्या, पदर, शकूबाईंची उंची. मी चांगलं सांगतो, असं लोक म्हणतात. सांगून झाल्यावर मी पाणी मागितलं.

बायको पाण्याला उठली नाही. दाराकडे पाहत म्हणाली,

"अन् तुम्ही त्याईले तिथं एकटं सोडून मले हे सांगाले आले?"