वेगळ्या खिळ्यावरची प्लेट

सखारामकाका माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी डावी चप्पल. मोरिवलीत आमच्या घरासमोर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं पत्र्याचं गॅरेज होतं. बदलापूरच्या वीटभट्ट्यांवरचे ट्रॅक्टर तिथे यायचे. ड्रायव्हर उतरला की काका म्हणायचे, "चप्पल दाखव." तळ झिजलेला दिसला की निकाल लागलाच. "क्लचवर डावा पाय ठेवून झोपतोस काय रे? दाबायचा तर पुरता दाब, सोडायचा तर पुरता सोड. अर्धवट कारभार नाय पायजे!"

मी कारकून, माझी मजल सायकलपर्यंत. तरी मलाही चप्पल दाखवावी लागे. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाची चप्पल तर त्यांनी दारातच उलटी करून पाहिली. स्थळ गेलं. काका म्हणाले, "सुटलो."

गॅरेजच्या भिंतीवर जळक्या क्लचप्लेटा टांगलेल्या असत आणि गिऱ्हाइकाला ते त्या हुंगायला लावत. एक मात्र वेगळ्या खिळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्यांच्या मुलाची, विलासची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. विटांची ट्रॉली ओढताना त्याच्या हातून प्लेट जळाली. काकांनी त्याला चारचौघांत ट्रॅक्टरवरून खाली ओढलं. "तुझ्या पायाला अक्कल नाय!" विलास त्याच दिवशी घर सोडून गेला आणि उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात शिलाईला लागला. पोराचीच चूक, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

एका रविवारी काका म्हणाले, "चल, उल्हासनगरहून पँट घेऊन येऊ." शेअर रिक्षात त्यांनी ड्रायव्हरचं मनगटच धरलं, "क्लच सोड, क्लच!" त्याने आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं. "बुढे को संभालो," असं वर मला ऐकवलं. पुढे चालत गेलो. कपड्यांची दुकानं मागे पडली तरी काका थांबेनात. थांबले ते एका गल्लीत, कारखान्याच्या पायरीपाशी. आत मशिनांचा खडखडाट, आणि पाठमोरा विलास.

काकांनी पिशवीतून ती फडक्यातली प्लेट काढली. "ऑइलनं भिजलीय, बघ. म्हणून घसरली नि जळाली. ऑइल अडवणारं सील मीच बसवलेलं, वाकडं. त्याच संध्याकाळी गाडी खोलली तेव्हा कळलं. पोराची काय चूक नव्हती."

"विलासला सांगितलंत?"

"तेच सांगायला येतो ना. सात वर्षं झाली."

मग ते कान देऊन ऐकू लागले. "या मशिनलाबी क्लच असतो, पायाखाली. ऐक, दाबतो तर पुरता दाबतो माझा पोरगा." त्यांचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"मग जा ना आत."

काकांनी डावा पाय पायरीवर ठेवला. उजवा काही उचलला नाही. तेवढ्यात विलासचं मशिन थांबलं, त्याने मान वळवली असेल नसेल, तोच काकांनी पाय काढून घेतला. "कामात हाय तो आज," म्हणत प्लेट गुंडाळली.

मी एक हाक मारायला हवी होती. विलास मला चांगला ओळखत होता. नाही मारली, आणि ते मला आजही डाचतं.

गॅरेजात परतल्यावर काकांनी प्लेट पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. मग खाली बसले आणि स्वतःची डावी चप्पल उलटी करून कितीतरी वेळ बघत राहिले.