नेव्हिलचा आरपार बर्फ

बर्फ करायला अक्कल लागत नाही, असं नेव्हिल प्रॉसरचं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक मत होतं. ट्रेमध्ये नळाचं पाणी ओतायचं, ट्रे फ्रीझरमध्ये सरकवायचा, आणि निम्मं पाणी मटारच्या पाकिटावर सांडलं की इकडेतिकडे बघून गप्प बसायचं. झाला बर्फ. पण जानेवारीतल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या भर उन्हाळ्यातल्या, एका संध्याकाळी शेजारच्या मर्विनच्या व्हरांड्यात ग्लेनिसने हातातला ग्लास उजेडाकडे धरला, आणि नेव्हिलच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

ग्लेनिस ही नेव्हिलची बायको. एकोणतीस वर्षांची. (म्हणजे लग्नाला एकोणतीस. तिचं वय सांगायची परवानगी नाही.)

"मर्विन, यात बर्फ आहे?" ती म्हणाली. "दिसतच नाहीये रे! नुसता आवाज येतोय!"

"थोडी निगुतीने करावी लागते गोष्ट, ग्लेन," मर्विन म्हणाला.

ग्लेन! नेव्हिलला 'ग्लेन' म्हणायची सवलत मिळायला तीन वर्षं लागली होती, त्यातलं एक साखरपुड्यानंतरचं. हा गृहस्थ ऑक्टोबरात राहायला आला काय, आणि डायरेक्ट ग्लेन! मर्विन निवृत्त दंतवैद्य होता आणि विधुर होता. डोक्यावर सगळे केस, तोंडात सगळे दात, आणि हसला की सगळे मोजून घेता यावेत असा हसायचा. नेव्हिलने मोजले होते.

खरं दुखणं मर्विनचे दात हे नव्हतं. दुखणं होतं ग्लेनिसची नजर. त्या ग्लासाकडे ती ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने तिने आपल्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं हे नेव्हिलला आठवेना. बऱ्याच वर्षांपूर्वी तो पन्हळ साफ करताना छपरावरून पडला होता तेव्हा बघितलं असावं, पण तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती.

"आपला बर्फ बघ," घरी परतताना ती सहज बोलून गेली. "मोतीबिंदू झाल्यासारखा असतो."

बस, ठरलं. काचेसारखा आरपार बर्फ घरी करायचा आणि ती नजर आपल्या व्हरांड्यात आणायची. निर्णय तसा लहानच होता.

नेव्हिल हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर होता. पांढऱ्याच्या सत्तावीस छटा तो डोळे झाकून सांगू शकायचा. (डोळे उघडे असले तर एकोणतीस.) आयुष्यभर पांढरं विकणाऱ्या माणसाला आता पांढरं घालवायचं होतं. कोणीतरी सांगितलं, पाणी उकळून घे. त्याने उकळलं. मग पुन्हा उकळलं, आणि घाईघाईत तसंच कढत ट्रेमध्ये ओतलं. प्लॅस्टिकच्या ट्रेने अंग टाकलं.

"पाणी उकळतोस, मग गार करायला ठेवतोस," ग्लेनिस म्हणाली. "मधे चहा टाकायचा राहतोय का रे?"

दुसऱ्या ट्रेमधला बर्फ निघाला तोही दुधी. नेव्हिलच्या हिशेबाने छटा क्रमांक चौदा.

मग त्याने हेरगिरी सुरू केली. कुंपणाशी लिंबाचं झाड होतं, त्याला पाणी घालायच्या निमित्ताने तो रोज अर्धा-पाऊण तास मर्विनच्या मागच्या दाराकडे डोळे लावून उभा राहू लागला.

"लिंबू आहे ते, खारफुटी नव्हे!" ग्लेनिस आतून ओरडली.

चौथ्या दिवशी मर्विनच कुंपणाशी आला. "नेव्हिल, बर्फाचं कळलं मला. ग्लेनने सांगितलं. अरे, विचारायचंस ना!"

"सहज चाललंय आपलं," नेव्हिल म्हणाला. नाकाला झोंबलेल्या मिरच्या कुंपणापलीकडून दिसत नाहीत, हीच काय ती सोय.

"सोपं आहे बघ. सहलीला बिअर गार ठेवायची जाड पेटी असते ना, ती घे. झाकण काढ, पाणी भर आणि फ्रीझरमध्ये ठेव. पाणी वरून खाली गोठत जातं आणि सगळा धुरकटपणा तळाला ढकलतं. वीसेक तासांनी तळ गोठायच्या आत बाहेर काढ. वरचा भाग काचेसारखा. फक्त एक, फ्रीझरमध्ये दुसरं काही..."

"माहितेय मला," नेव्हिल म्हणाला.

"नाही, म्हणजे ते उघडं पाणी..."

"मर्विन, माहितेय म्हटलं ना."

माणसाने मदत घ्यावी, पण बायकोवर डोळा असलेल्याकडून किती घ्यावी याला काही मर्यादा आहे की नाही? (बायकोवर डोळा आहे हे अजून सिद्ध झालं नव्हतं. नेव्हिल पुराव्यावाचून अडून राहणाऱ्यांतला नव्हता.)

गॅरेजमधला आडवा फ्रीझर तुडुंब भरलेला होता. ब्रेड, मटार, नाताळचा उरलेला हॅम, आणि या सगळ्यांच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलेली दोन किलो कोळंबीची डोकी आणि सालं. ती गुरुवारपर्यंत तिथेच राहायची, कारण कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. भर उन्हाळ्यात कोळंबीची डोकी तीन दिवस बाहेरच्या डब्यात ठेवणाऱ्याशी बॅलिनासारख्या लहान गावात कोणी बोलत नाही.

नेव्हिलने सगळं बाहेर काढलं, पेटी आत बसवली, बागेच्या नळीने भरली. नळी हातातून सुटली. ती बंद करून, गॅरेज पुसून, कपडे बदलून येईपर्यंत पाऊण तास गेला आणि बाहेर पारा छत्तीसवर. डोक्यांची पिशवी जरा मऊ पडली होती. त्याने ती तशीच पेटीच्या कडेला, पाण्याच्या अगदी शेजारी टेकवली, आणि मोठ्या समाधानाने झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दाढ दुखतेय सांगून तो दुकानातून दोनदा घरी आला. (सतराशे साठ दुखणी असताना दाढच का सुचली, हे वेगळं सांगायला नको.) तिसऱ्या वेळी पेटी उलटी केली तर आतून असा ठोकळा निघाला की नेव्हिलला भरून आलं. तळाचा धुरकट थर त्याने पाव कापायच्या सुरीने आणि हातोडीने उडवला, बाकीच्याचे सुबक तुकडे केले, डब्यात भरले आणि डबा परत आत ठेवला. एक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून बघितला, तर खालचा क्रिकेटचा स्कोअर वाचता आला. ऑस्ट्रेलिया जिंकत होती. आणि नेव्हिलही.

शनिवारी पाच वाजता त्याने मर्विनला बोलावलं. जिन, टॉनिक, घरच्या लिंबाची फोड, आणि प्रत्येक ग्लासात बर्फाचा एकेक तुकडा. ग्लेनिसने ग्लास हातात घेतला, थबकली, उजेडाकडे धरला. मग नजर ग्लासावरून उचलून नेव्हिलवर ठेवली.

"नेव्ह! हे तू केलंस?"

तीच नजर. चांगली चार सेकंद. नेव्हिलने घोट न घेता नुसतीच ती नजर प्यायली. मर्विनकडे तिरका कटाक्षही टाकून झाला.

मग ग्लेनिसने घोट घेतला.

"नेव्हिल," ती सावकाश म्हणाली, "या ग्लासात कोण मेलंय?"

मर्विननेही घोट घेतला होता. समोरच्याच्या तोंडात काय दिसलं हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, अशी दंतवैद्यांची शिस्त असते. "हं," तो म्हणाला. "समुद्राची आठवण होते."

नेव्हिलने स्वतः चाखून बघितलं. दिसायला हिरा, पण चव अशी की बंदरातल्या मासेबाजाराची लादी धुऊन ग्लासात भरलीय.

"उघडं पाणी शेजारचा वास ओढून घेतं रे," मर्विन हळुवारपणे म्हणाला. "फ्रीझर रिकामा कर, हेच त्या दिवशी सांगत होतो."

त्याने 'सांगत होतो, पण तू ऐकलं नाहीस' असं तरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. असल्या चांगुलपणाने नेव्हिलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याने आपला ग्लास पायरीशेजारच्या कुंडीत रिकामा केला. तेवढ्यात कुंपणावरून धप्पकन काहीतरी पडलं. मर्विनचा बोका, बिशप. आजवर कोणाच्या हाताला न लागलेलं, मर्विनलाही फटके मारणारं करड्या रंगाचं गाठोडं. बिशपने कुंडीतला बर्फ शोधला, डोळे मिटून चाटून संपवला, आणि नेव्हिलच्या पायाशी बसून मान वर केली. प्रेम, आदर, विश्वास, सगळं त्या एका नजरेत होतं.

ग्लेनिस हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आली. "अगं आई गं! नेव्ह, बघतोय बघ कसा तुझ्याकडे!"

"अकरा वर्षांत माझ्याकडे असं बघितलं नाही त्याने," मर्विन म्हणाला.

आणि नेव्हिलने कान टवकारले. मर्विनच्या आवाजात काहीतरी होतं. हा आवाज आपल्या चांगल्या ओळखीचा आहे! गेले पंधरा दिवस आपण मनातल्या मनात याच आवाजात बोलतोय! मर्विन जळत होता. चक्क जळत होता!

आयुष्यात इतका गोड शनिवार आला नव्हता. बर्फाचे अजून चाळीसेक तुकडे डब्यात होते. रविवारी नेव्हिलने त्यातला एक पायरीवर ठेवला, सोमवारी दोन. बिशप कुंपण ओलांडून यायचा तो मुक्कामालाच. नेव्हिल त्याला मांडीवर घेऊन मर्विनला दिसेल अशा बेताने बसायचा, आणि मधूनच उगाच मोठ्याने म्हणायचा, "काय रे लब्बाडा, घरी नाही जायचं?"

सोमवारी पाच वाजता मर्विन कुंपणाशी आला. "बिशप आहे का तिकडे?"

"आहे की," नेव्हिल म्हणाला. "पण उठायला तयार नाही बुवा."

मंगळवारी मर्विन फाटकातून आत आला. बिशप ढिम्म हलला नाही, म्हणून त्याला उभं राहावं लागलं, आणि माणूस उभा कसा ठेवायचा म्हणून ग्लेनिसने त्याला बसवलं. व्हरांड्यात खुर्च्या दोनच. बर्फ पायरीवर, त्यामुळे बोक्याला मांडीवर घेऊन नेव्हिलही पायरीवरच होता, आणि त्याची खुर्ची रिकामीच होती.

बुधवारी मर्विनने पायरीवर थांबून बिशपला हाक मारायचं नुसतं नाटक केलं. गुरुवारी तेही नाही. पाचच्या ठोक्याला केस विंचरून आला, नेव्हिलच्या खुर्चीत बसला आणि काखेतला छोटा डबा टेबलावर ठेवला. ग्लेनिसने झाकण उघडलं, आतला एक तुकडा उचलून उन्हात धरला, आणि त्याच्यातून पलीकडे मर्विनकडे बघून हसली.

"नेव्हिल," पायरीकडे न बघता ती म्हणाली, "आतून ग्लास आण ना जरा. दोनच आण. तुला आता बर्फाचा कंटाळा आला असेल."