अश्वगंधेचे पथ्य

ज्या जंगलात सभा रोज भरत आणि कामे सवडीने होत, अशा एका जंगलात दीर्घनाद नावाचा सिंह राज्य करीत होता. मुलांनो, एके दिवशी त्याची डरकाळीच नाहीशी झाली. तोंड उघडले की नुसती हवा बाहेर येई.

वैद्य अस्वलाने अश्वगंधेचे ताजे मूळ सांगितले. म्हणजे लागवड करणे आले. वनस्पतीच्या नावात अश्व आहे, तेव्हा शेतकरीही अश्वच हवा, असे सभेत ठरले. जंगलात घोडा नव्हता. हैबती नावाचे एक खेचर होते. ते आईच्या बाजूने घोडा होते, म्हणून निम्म्या पात्रतेवर त्याची नेमणूक झाली.

“मूळ पोसले नाही, तर पहिला घास तू,” महाराज कुजबुजले. त्यांना आता कुजबुजणेच जमत होते. दात मात्र शाबूत होते.

हैबतीने जन्मभर ओझी वाहिली होती. शेती कधी केली नव्हती. राजाचे औषध म्हणून त्याने नदीकाठची काळी माती निवडली, रोज पाणी घातले, शेणखताचे थरांवर थर दिले. रोपे पाहता पाहता त्याच्या पोटाला लागली. प्रधान कोल्हा पाहणीस आला आणि पानांची रुंदी पाहून गहिवरला. माकडांनी पानांची तोरणे केली. मुळांची चौकशी कोणीही केली नाही. मुळे जमिनीखाली असतात आणि पाहणी जमिनीवरून होते.

हिवाळा सरत आला, तेव्हा हैबतीने पहिले रोप उपटले. मूळ दोऱ्याएवढे निघाले. दुसऱ्याचेही तेवढेच. त्याला महाराजांचे दात आठवले.

शेताबाहेरच्या मुरमाड उतारावर थोडे बियाणे सांडून रुजले होते. तिकडे कोणी पाणी घातले नव्हते की खत. रोपे खुजी होती, पाने वाळली होती, फळे लाल झाली होती. हैबतीने त्यातले एक उपटून पाहिले. मूळ अंगठ्याएवढे जाड होते.

आपला जीव वाचला, अशा आनंदात ते मूळ तोंडात धरून हैबती थेट गुहेशी पोहोचला. आत महाराज प्रधानाशी बोलत होते.

“बरा झालो की प्रथम ते खेचर खाईन. बिचाऱ्याने फार कष्ट केले आहेत. अश्वगंधेचा सगळा कस त्याच्या अंगात उतरला असेल.”

“महाराज मोठे गुणग्राहक आहेत,” प्रधान म्हणाला.

हैबती जागीच थबकला. मूळ तोंडात होतेच. ते त्याने चावून गिळले आणि आल्या वाटेने तो परतला. दुपारी दोऱ्यांची एक जुडी पानावर मांडून तो दरबारात हजर झाला.

“एवढीशी?” महाराजांनी विचारले.

“राजाच्या तोलाचे मूळ नाजूकच असते, महाराज. पथ्य तेवढे कडक आहे. दूध-तुपातून घ्यायचे. मांसाचा एक तुकडा जरी पोटात गेला, तरी औषध उलटते. मग आहे ती कुजबुजही जाते.”

महाराजांनी अस्वलाकडे पाहिले. अस्वलाने पथ्याला तत्काळ दुजोरा दिला. तेही मांसाचेच होते.

तेव्हापासून महाराज दूध पितात आणि हरणे गुहेसमोर चरतात. हैबतीला ‘वनभूषण’ हा किताब मिळाला. उतारावरची मुळे तो नेमाने स्वतः खाऊ लागला. एका सकाळी त्याचा आवाज असा फुटला, की दरी घुमली. गुहेत महाराजांनी कान टवकारले.

“प्रधानजी, हा कोणाचा आवाज?”

“आपलाच, महाराज. गुण येतो आहे. अजून तोंडापर्यंत पोहोचलेला नाही, एवढेच.”

महाराजांनी समाधानाने दुधाचा आणखी एक वाडगा मागविला.

तात्पर्य : मुलांनो, सोपविलेले काम नेहमी जीव ओतून करावे. जीव वाचवायचा असेल, तर ते तडीस मात्र नेऊ नये.