पगडीवाला आजा

"राष्ट्राची स्मृती आज माझ्या दिवाणखान्यात सुरक्षित आहे," असं माधवराव ओगल्यांनी जाहीर केलं, तेव्हा शशिकलाबाईंनी विचारलं, "आणि दूध?" दूध आणायला ते विसरले होते.

राष्ट्राची स्मृती म्हणजे लोकमान्यांची चाळीसेक जुनी स्मृतिपदकं. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात, मखमलीवर मांडलेली. ओगल्यांची उभी नोकरी बांधकाम खात्यात इतरांच्या नावांच्या कोनशिला बसवण्यात गेली होती. आता एक पाटी स्वतःची हवी होती. मुंबईच्या एका संग्रहालयाच्या विनिता मॅडम पदकं पाहायला येणार होत्या. 'ओगले संग्रह' ही अक्षरं ओगल्यांना आत्ताच दिसू लागली होती.

मखमलीतला एक खळगा मात्र रिकामा होता. त्यात बसणारं पदक करंज्याच्या कोळीवाड्यात, बुधाजी कोळ्याच्या देव्हाऱ्यात, कुंकवानं माखून, आज्याचा टाक म्हणून पूजेला बसलं होतं.

ओगले भिंग घेऊन करंज्याला गेले. "अहो, हे लोकमान्य आहेत."

"नाय. आमचा आजा हाय," बुधाजी म्हणाला.

"डोक्यावर पगडी आहे, बघा."

"लगनात घातली व्हती."

"खाली 'स्वराज्य' लिहिलंय."

"आजा अडानी व्हता. त्याला काय म्हाईत, काय लिवलाय."

ओगल्यांनी इतिहास सोडला आणि युक्ती धरली. "अडाणी राहिले ना? म्हणूनच म्हणतो, शिकल्यासवरल्या घरात नेतो त्यांना."

बुधाजी विरघळला. "न्या. पन अवसेला त्याला सुका बोंबील लागतो. चुकवायचा नाय."

ओगल्यांनी मान हलवली आणि पदक घरी आणलं. त्यांच्या घरात बोंबील हा शब्दही शिजत नसे. पण मान हलवायला चूल पेटवावी लागत नाही.

मॅडम आल्या त्या नेमक्या अवसेला. त्यांच्या आधी डबा घेऊन बुधाजी आला होता. "वाटला, तुमी इसराल," म्हणत त्यानं कपाट उघडलं, बोंबील मांडले आणि हात जोडले. "आजा, जेव." शशिकलाबाई नाकाला पदर लावून गॅलरीत गेल्या.

मॅडमनी बाकीच्या पदकांवरून नजर फिरवली. "सर, ही अशी आमच्या गोदामात पोत्यानं पडलीयेत." मग त्या बोंबलांपाशी चक्क मांडी घालून बसल्या. "हे मात्र युनिक आहे हं. कुंकू पुसलं नाहीत ना? ग्रेट. नैवेद्यासकट फोटो घेते. खाली लिहू, 'बुधाजी कोळी, करंजा यांच्या सौजन्याने'."

"आणि ओगले संग्रह?"

"तो घरीच ठेवा, सर. कपाट छान आहे."

बुधाजीनं लगेच होकार दिला. "मुंबईला जाऊ दे आजा. फिरायची हौस व्हती त्याला."

मॅडम आज्याला घेऊन गेल्या. खळगा पुन्हा रिकामा झाला. घरभर वास होता.

बुधाजीनं डबा आवरला, पण पाय निघेना. "साहेब, देव्हाऱ्यात लई मोकला दिसतंय. यातला येक द्याल का?"

"कुठला?" ओगल्यांनी विचारलं.

"कंचाबी चालंल. पगडीवाला बगून द्या."