भागूआक्काची उशी आणि मुंगूसरावांचे सत्कार

एका जंगलात, बाळांनो, चालण्याची फार मोठी चळवळ होती. तिथले सगळे प्राणी जन्मापासून चालतच होते. पण मुंगूसरावांनी मंडळ काढेपर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मंडळाचं नाव 'हलकी पाठ पदभ्रमण मंडळ'. अध्यक्ष स्वतः मुंगूसराव. सभासद चार ससे. सशांचं काम टाळ्या वाजवणं.

त्याच जंगलात भागूआक्का नावाची म्हातारी अस्वलीण राहायची. तिची लेक चिंगी सात डोंगर पलीकडे दिली होती. चिंगीचं पहिलं बाळंतपण पौर्णिमेला होणार होतं. "आई, तू जवळ हवीस," असा तिने कावळ्याबरोबर निरोप धाडला. वाट दहा दिवसांची, म्हातारीने एकटीने जाण्यासारखी नाही. मंडळ त्याच वाटेने निघणार होतं, म्हणून आक्का मंडळाबरोबर निघाली.

निघायच्या सकाळी सामानाची तपासणी झाली. मुंगूसरावांनी आधी आपलं सामान दाखवलं. दात कोरायची एक काडी. तीही वजन वाचवायला अर्धी मोडलेली. सशांनी टाळ्या वाजवल्या.

बरोबर यायला आलेल्या साळिंदराच्या पिशवीत चहाची किटली निघाली.

"आमची सोबत हवी की किटली?" मुंगूसरावांनी विचारलं.

साळिंदराने क्षणभर विचार केला, किटली उचलली आणि ते घरी गेलं. त्या जंगलात इतका शहाणा निर्णय पुन्हा कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

मग आक्काची पाळी आली. तिच्याकडे एकच वस्तू होती. सावरीच्या कापसाची उशी.

"ही कशाला?"

"मान धरती हो माझी. उशी नसली तर डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"आक्का, झोप उशीत नसते, मनात असते. सुखाचं ओझं सगळ्यात जड!"

मुंगूसराव स्वतः असे लांबोडके, की त्यांची मान कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कोणी सांगू शकलं नसतं. पण लेकीसाठी आक्काने उशी ढोलीत ठेवली.

पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्याही नाही.

तिसऱ्या दिवशी माकडांचं गाव लागलं. एवढं हलकं मंडळ येतंय म्हटल्यावर माकडांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह काळ्या दगडाचं होतं. खांद्यावर शाल घातली तेव्हा मुंगूसराव दिसेनासे झाले. शालीच्या आतून ते साधेपणावर तासभर बोलले.

निघताना प्रश्न आला, हे सगळं न्यायचं कोणी?

"आक्काची पाठ मोकळीच आहे की," एक ससा म्हणाला.

"अवो, पण वजन?"

"सन्मानाला वजन नसतं, आक्का," मुंगूसराव म्हणाले.

"मग तुमीच घ्या की."

"स्वतःचा सन्मान स्वतः वाहणं बरं दिसत नाही."

पुढे रानडुकरांचं गाव लागलं, मोरांचं लागलं, भेकरांचं लागलं, अशी आणखी आठ गावं लागली. सत्कार कुठेच चुकला नाही. आठव्या दिवशी आक्काच्या पाठीवर नऊ शाली, नऊ नारळ आणि नऊ दगड होते. मुक्कामाला तिने भीतभीत विचारलं, "यातली येक शाल घडी करून डोक्याखाली घेऊ का?"

मुंगूसरावांना धक्काच बसला. "सन्मान डोक्यावर घ्यायचा असतो, आक्का. डोक्याखाली नव्हे!"

सशांनी टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी दुपारी, शेवटच्या डोंगराच्या निम्म्या चढावर आक्का जरा टेकली. आठ रात्रींच्या झोपेने तिला तिथे एकदम गाठलं. सगळ्यांनी हाका मारल्या. ससे तिच्या पोटावर नाचले. ती उठेना.

"एकेकाच्या सवयी सुटत नाहीत," मुंगूसराव म्हणाले आणि पुढे निघाले. अंगावर काही नसल्यामुळे झपाझप निघाले. सामान अर्थातच आक्कापाशी राहिलं.

आक्काला जाग आली ती अकराव्या दिवशी. पौर्णिमा होऊन गेली होती. ओझं तिथेच फेकून धावत सुटावं असं तिला वाटलं. पण गावाने मानाने दिलेली शाल रानात टाकायची कशी? असले विचार साध्या बायांनाच सुचतात. तिने सगळं पुन्हा पाठीवर घेतलं आणि रडत रडत डोंगर चढली.

चिंगीला बाळ झालं होतं. त्या वेळी तिच्या हाताशी शेजारची माकडीण होती. मुंगूसराव वेळेवर पोचले होते. त्यांचा सत्कारही झाला होता आणि बाळाचं नाव सुचवून ते दुसऱ्या वाटेने परत निघाले होते.

चिंगीने आईकडे पाहिलं. मग आईच्या पाठीवरच्या ढिगाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"मुंगूसराव सांगत होते ते खरंच म्हणायचं," ती म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणाला येतानासुद्धा तुला एवढं सामान सोडवलं नाही, आई?"

तात्पर्य: लांबच्या वाटेला निघताना आपलं सुख घरीच ठेवावं. त्यामुळे पाठीवर पुढाऱ्यांच्या सामानाला जागा होते.